विंडोजचा आकडा वाचायला शिका: व्हर्जनचं नाव, बिल्ड आणि अनेकांना लागू पडणारं एकच अपडेट

दुकानात दोन संगणक शेजारी-शेजारी आहेत. एकावर विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन, दुसऱ्यावर २५एच२. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्हींवर महिन्याचं अपडेट आलं आणि दोन्हीकडे त्याचा क्रमांक एकच होता: केबी५०६६८३५. मालकाला वाटतं, जुन्याला चुकून नव्याचं अपडेट बसलं. मग कोणीतरी येऊन सांगतं, जुनं व्हर्जन आहे, सगळं फॉरमॅट मारून नवं टाकावं लागेल. बिलिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवा, प्रिंटरचे ड्रायव्हर शोधा, यात दोन दिवस जातात आणि पैसेही. खरं तर यातलं काही म्हणजे काही करायची गरज नव्हती.

कुडाळ-मालवण-देवगड पट्ट्यात मी दुकानांचे, होमस्टेचे, काजू कारखान्यांचे आणि काही शाळांचे संगणक बघतो. "दादानू, ह्यां अपडेट मारूचां काय नको?" हा प्रश्न फोनवर सतत येतो. मी उलट विचारतो, आकडा काय दाखवतंय? कारण विंडोजमध्ये व्हर्जनच्या नावावरून निम्मंच कळतं, उरलेलं आकडा सांगतो. तो आकडा ज्याचा त्याला वाचता यावा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी आकडा काढा

कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात इंग्रजीत विनव्हर टाइप करा, म्हणजे डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर, आणि एंटर मारा. जी खिडकी येते तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं: व्हर्जन २२एच२, ओएस बिल्ड १९०४५.६४५६. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच. हीच माहिती सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट इथेही मिळते. तिथे विंडोजची आवृत्ती होम आहे की प्रो हेही कळतं.

या ओळीत तीन गोष्टी आहेत. २२एच२ हे व्हर्जनचं नाव. टिंबाच्या आधीचा १९०४५ हा बिल्ड क्रमांक; विंडोज कुठल्या गटातलं आहे ते त्यावरून कळतं. टिंबाच्या नंतरचा ६४५६ हा त्या गटाला मिळालेल्या दुरुस्त्यांचा आकडा, तो दर महिन्याला वाढतो. संगणक सुरक्षित आहे का, हे ठरवायला मी सगळ्यात आधी हा शेवटचा आकडा बघतो. व्हर्जन नवं असून हा आकडा वर्षभर हलला नसेल, तर तो संगणक धोक्यात आहे. व्हर्जन एक पायरी जुनं असून आकडा याच महिन्याचा असेल, तर घाबरायचं कारण नाही.

एक फसगत इथेच सांगतो. काळ्या पडद्याच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोज ११ सुद्धा स्वतःला १०.० म्हणवतं, उदाहरणार्थ १०.०.२२६३१. ते बघून "तुम्हाला विंडोज ११ सांगून १० टाकून दिलंय" असं म्हणणारे मला भेटले आहेत. तसं काही नसतं. बिल्ड क्रमांक २२००० किंवा त्याहून मोठा असला की घरच्या-दुकानातल्या संगणकावर ते विंडोज ११ च.

नाव कसं पडतं

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं, तेव्हाच्या व्हर्जनला १५०७ म्हणतात. २०१५ सालचा सातवा महिना. पुढे १५११, १६०७, १७०३, १७०९ अशी नावं याच पद्धतीने पडत गेली. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. जाहिरातीत यांची नावं निराळी होती, १६०७ ला अ‍ॅनिव्हर्सरी अपडेट, १७०३ ला क्रिएटर्स अपडेट, पण कामाच्या जागी कोणी ती वापरत नाही.

नावातला महिना हा व्हर्जन तयार होण्याचा आहे, लोकांच्या हाती पडण्याचा नव्हे. १८०९ ऑक्टोबर २०१८ च्या सुरुवातीला आलं, काहींच्या फाइली पुसल्या गेल्या म्हणून मायक्रोसॉफ्टने ते थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सोडलं. नाव मात्र १८०९ च राहिलं. २०२० च्या पहिल्या व्हर्जनचं नाव हिशेबाने २००३ व्हायला हवं होतं, पण विंडोज सर्व्हर २००३ या जुन्या उत्पादनाशी घोळ होऊ नये म्हणून ते २००४ ठेवलं गेलं. आजही कोणाच्या पडद्यावर व्हर्जन २००४ दिसलं की लोक समजतात, हे वीस वर्षांपूर्वीचं विंडोज आहे. ते आलं २७ मे २०२० ला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. त्या भागात त्याच्या आधीच्या १९०९ व्हर्जनवरच थांबलेला संगणक आजही सापडला तर मला नवल वाटत नाही.

२००४ नंतर पद्धत बदलली. वर्ष आणि सहामाही असं नाव आलं. २०एच२ म्हणजे २०२० ची दुसरी सहामाही. २१एच१, २१एच२, २२एच२ तसंच. विंडोज ११ मध्ये वर्षाला एकच मोठं व्हर्जन, तेही दुसऱ्या सहामाहीत, म्हणून तिथे २१एच२ पासून २५एच२ पर्यंत सगळी नावं एच२ वरच संपतात. आणि हो, २१एच२ आणि २२एच२ ही नावं विंडोज १० मध्येही आहेत आणि ११ मध्येही. फोनवर कोणी नुसतं "माझं २२एच२ आहे" म्हणालं तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. बिल्ड विचारायचा: १९०४५ असेल तर दहा, २२६२१ असेल तर अकरा.

एकच अपडेट अनेक व्हर्जनना कसं लागू पडतं

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट ही.

विंडोज १० ची २००४, २०एच२, २१एच१, २१एच२ आणि २२एच२ ही पाच व्हर्जनं नावाने वेगळी असली तरी त्यांचा गाभा एकच आहे. सिस्टिमच्या फाइली त्याच. बिल्ड क्रमांकही ओळीने आहेत: १९०४१, १९०४२, १९०४३, १९०४४, १९०४५. मायक्रोसॉफ्ट पुढच्या व्हर्जनच्या नव्या सोयी आधीच्या व्हर्जनच्या मासिक अपडेटमधून हळूहळू संगणकात पोचवून ठेवतं, पण बंद अवस्थेत. मग व्हर्जन जाहीर होतं तेव्हा एक छोटंसं पॅकेज येतं, त्याला एनेबलमेंट पॅकेज म्हणतात. घराची वायरिंग आधीच भिंतीत घालून झालेली असते, हे पॅकेज फक्त मेन स्विच टाकतं. संगणक एकदा रीस्टार्ट होतो आणि व्हर्जनचं नाव बदलतं. विंडोज १० च्या २२एच२ साठीच्या त्या पॅकेजचा क्रमांक केबी५०१५६८४.

गाभा एकच असल्यामुळे दुरुस्तीही एकच लागते. म्हणून महिन्याच्या अपडेटची फाइल एक, केबी क्रमांक एक, आणि ती बसल्यावर टिंबानंतरचा आकडाही एक. ऑक्टोबर २०२५ चं विंडोज १० चं अपडेट केबी५०६६७९१ घ्या. ते बसल्यावर २१एच२ वर १९०४४.६४५६ दिसतं आणि २२एच२ वर १९०४५.६४५६. वरच्या दुकानातली गोष्ट तीच: २४एच२ वर २६१००.६८९९, २५एच२ वर २६२००.६८९९. टिंबानंतरचे आकडे जुळले म्हणजे दोन्ही संगणकांची सुरक्षा सारखी आहे.

पुष्कळांना यावर शंका येते. घरगुती विंडोज १० च्या २१एच२ ची मुदत जून २०२३ मध्ये संपली, तरी अपडेटच्या माहितीत २१एच२ चं नाव अजून कसं? कारण कारखान्यांसाठी आणि मोठ्या संस्थांसाठी एलटीएससी नावाची दीर्घ मुदतीची आवृत्ती असते, आणि तिचं २०२१ चं रूप २१एच२ वर उभं आहे. तिला जानेवारी २०२७ पर्यंत अपडेट आहेत. त्यांच्यासाठी १९०४४ चालू ठेवावा लागतो. तुमच्या होम किंवा प्रो आवृत्तीला त्याचा हक्क मिळत नाही.

आता गट ओळखून घ्या, कारण कुठला प्रवास छोटा आणि कुठला मोठा हे त्यावरच आहे. विंडोज १० मध्ये १९०३ आणि १९०९ हा एक गट, बिल्ड १८३६२ आणि १८३६३. २००४ ते २२एच२ हा दुसरा गट. विंडोज ११ मध्ये पहिलं २१एच२, बिल्ड २२०००, एकटंच आहे. २२एच२ आणि २३एच२ एका गटात, २२६२१ आणि २२६३१. २४एच२ आणि २५एच२ एका गटात, २६१०० आणि २६२००.

गटाच्या आत पुढे जाणं म्हणजे मेन स्विच: डाउनलोड नावापुरतं, एक रीस्टार्ट, चहा होईपर्यंत काम आटोपतं. एका गटातून दुसऱ्या गटात जाणं म्हणजे अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं: काही जीबी डाउनलोड, दोन-तीन रीस्टार्ट, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा दिवससुद्धा. २३एच२ वरून २४एच२ हा असा मोठा प्रवास आहे. २४एच२ वरून २५एच२ नाही. त्यासाठी कोणी चार-पाच जीबीची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येत असेल तर त्याला थांबवा.

मग गाभा तोच, दुरुस्त्या त्याच, तर २५एच२ वर जायचंच कशाला? मुदतीसाठी. होम आणि प्रो आवृत्तीच्या प्रत्येक व्हर्जनला २४ महिने अपडेट मिळतात. २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ ला. एका रीस्टार्टमध्ये वर्ष वाढवून मिळतं. माझ्या मते हे न घेण्याचं काही कारण नाही, फक्त पहिल्या आठवड्यात घाई करू नका. २३एच२ वर बसलेल्या होम-प्रो संगणकांची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ लाच संपलेली आहे, त्यांना मोठा प्रवास करावाच लागेल.

स्विच टाकण्याआधी एक अट असते: त्या गटाचं बऱ्यापैकी ताजं मासिक अपडेट आधी बसलेलं हवं. कारण नव्या सोयी त्याच अपडेटमधून आलेल्या असतात. २५एच२ दिसतच नाही अशी तक्रार आली की मी आधी टिंबानंतरचा आकडा बघतो. बहुतेक वेळा संगणक कित्येक महिने मागे असतो.

अपडेटचं नाव कसं वाचावं

विंडोज अपडेटच्या पानावर अपडेट हिस्टरी उघडा. तिथे एक लांबलचक ओळ दिसेल, साधारण अशी: २०२५-१०, क्युम्युलेटिव्ह अपडेट फॉर विंडोज १०, व्हर्जन २२एच२, फॉर एक्स६४ बेस्ड सिस्टिम्स, आणि शेवटी केबी५०६६७९१. सुरुवातीला वर्ष-महिना. क्युम्युलेटिव्ह म्हणजे साठत गेलेलं: आधीच्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्या त्यात असतात. सहा महिने संगणक बंद होता म्हणून सहा अपडेट शोधत बसायची गरज नाही, शेवटचं एक पुरतं. एक्स६४ म्हणजे नेहमीचा ६४ बिटचा इंटेल किंवा एएमडी संगणक. जुन्या ३२ बिटवाल्यांसाठी एक्स८६ आणि नव्या स्नॅपड्रॅगन लॅपटॉपसाठी एआरएम६४ अशा वेगळ्या फाइली असतात.

ओळीत प्रिव्ह्यू हा शब्द दिसला तर धंद्याच्या संगणकावर ते घेऊ नका. पुढच्या महिन्यात येणाऱ्या गोष्टी त्यात आधी चाखायला दिलेल्या असतात. ते बहुधा महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात येतं आणि ऐच्छिक असतं. मुख्य, सुरक्षेचं अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा असतात, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्या दुकानात ते बुधवारी सकाळी शटर वर केल्यावर दिसतं. पतपेढीची गर्दी असो की महा ई-सेवा केंद्रातली दाखल्यांची रांग, त्या बुधवारची सकाळ सोडून द्यावी, अपडेट संध्याकाळी घ्यावं.

दोन क्रमांक पुन्हा पुन्हा दिसतात आणि लोक उगाच काळजी करतात. केबी८९०८३० हे मालवेअर काढण्याचं साधन आहे, ते नव्या रूपात येतं तरी क्रमांक तोच. केबी२२६७६०२ ही डिफेंडरची विषाणू-यादी, ती तर रोज बदलते, दिवसातून अनेकदाही, तरी क्रमांक तोच. "एकच अपडेट रोज बसतंय म्हणजे बिघाड आहे" असं नव्हे.

एकदा उतरवा, सगळ्यांनी घ्या

गाव आणि खाडी यांच्या मध्ये कुठेतरी फायबर तुटलेली, मोबाइलची रेंज घाटीच्या वळणावर, अशा ठिकाणी शाळेतल्या दहा संगणकांवर दहा वेळा तीच फाइल उतरवणं परवडत नाही. इथे सामायिक अपडेटचा खरा फायदा दिसतो.

विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय आहे. विंडोज ११ मध्ये ती विंडोज अपडेट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स यात सापडते. विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीच्या डाव्या यादीत. दुसऱ्या संगणकांकडून डाउनलोड घेण्याचं बटण चालू करा आणि खालचा पर्याय फक्त आपल्या स्थानिक नेटवर्कचा ठेवा. इंटरनेटवरच्या परक्या संगणकांचा पर्याय निवडू नका, त्यात आपला इंटरनेटचा डेटा दुसऱ्याला फाइली पुरवण्यात जातो. आता एका संगणकाने फाइल उतरवली की बाकीचे तिचे तुकडे त्याच्याकडून घेतात. २४एच२ आणि २५एच२ मिसळलेले असले तरी मासिक अपडेट एकच असल्याने देवाणघेवाण होते. विंडोज १० आणि ११ मिसळलेले असतील तर नाही.

शाळेत मी असं करतो. पहिल्या दिवशी एकच संगणक चालू करून त्यावर अपडेट पूर्ण बसवतो. तो चालूच ठेवून दुसऱ्या दिवशी बाकीचे दोन-दोन करून सुरू करतो. मग त्याच पानावरच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये बघतो: मायक्रोसॉफ्टकडून किती आलं, स्थानिक नेटवर्कवरच्या संगणकांकडून किती. दुसरी पट्टी मोठी दिसली की समजायचं, जमलं. ती शून्यावर असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, देणारा लॅपटॉप बॅटरीवर आहे का. बॅटरीवर असताना तो साधारणपणे दुसऱ्याला काही पुरवत नाही, चार्जर लावा. दुसरी, वाय-फाय मीटर्ड, म्हणजे डेटा मोजून-मापून वापरायचं, म्हणून नोंदलंय का. मीटर्डवर ही देवाणघेवाण बंद असते.

मीटर्ड हा पर्याय वाईट नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिलं काढणाऱ्या काजूवाल्याला मी तो मुद्दाम लावून देतो, म्हणजे दिवसाचा डेटा अपडेटमध्ये संपत नाही. पण मग महिन्यातून एकदा त्या संगणकाला चांगल्या वाय-फायवर न्यायची जबाबदारी आपली. हे विसरल्यामुळे आकडा अडकलेले संगणक मी सर्वात जास्त बघतो.

नेटच नसेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर केबी क्रमांक टाकून फाइल पेनड्राइव्हवर घेता येते. यादीत एकाच केबीखाली दोन-तीन व्हर्जनची नावं दिसतील, आपला गट आणि एक्स६४ बघून निवडा. २४एच२ आणि २५एच२ साठी डाउनलोड दाबल्यावर कधी दोन फाइली समोर येतात. त्यातली जुनी असते केबी५०४३०८०, सप्टेंबर २०२४ ची पायाभूत फाइल. दोन्ही घ्या आणि एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर नवी फाइल अर्ध्यात थांबू शकते. दुसऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरून विंडोजच्या फाइली घेऊ नका, नाव कितीही ओळखीचं वाटलं तरी.

पावसाळा आणि वीज

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. डाउनलोड चालू असताना वीज गेली तर बिघडत नाही, पुढे तिथून सुरू होतं. जपायचं ते रीस्टार्टनंतरच्या टक्केवारीला. त्या वेळी डेस्कटॉप बंद पडला तर विंडोज बहुतेकदा स्वतः मागे फिरतं, पण दर वेळी फिरेलच असं नाही, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला असे धक्के सोसत नाहीत.

म्हणून यूपीएस किती मिनिटं टिकतो ते आधी कागदावर नव्हे, प्रत्यक्ष प्लग काढून बघा. दहा मिनिटं टिकत असेल तर त्यावर मासिक अपडेट घ्यायला हरकत नाही, गट बदलणारा मोठा प्रवास नको. मोठा प्रवास मी पाऊस उघडल्यावर, नवरात्र-दिवाळीच्या सुमारास करतो. ढगांचा गडगडाट चालू असेल तेव्हा तर काहीच नको. संगणकाचा प्लग आणि राउटरची केबल दोन्ही काढून ठेवा, वीज टेलिफोनच्या तारेवरूनही येते.

आंब्याच्या हंगामात, एप्रिल-मे मध्ये, देवगड-रत्नागिरीचे बागायतदार पेट्यांची लेबलं आणि पावत्या दिवसरात्र छापत असतात. तेव्हा अपडेट थांबवण्याचा पर्याय वापरा. पॉझ अपडेट्स दाबून पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. त्यानंतर मात्र आधी अपडेट बसवावंच लागतं, तेव्हा कुठे पुन्हा थांबवता येतं. तारीख मोजून ठेवा, नाहीतर नेमकं ट्रक दारात उभा असताना रीस्टार्टची वेळ येईल. अ‍ॅक्टिव्ह अवर्समध्ये कामाचे तास भरून ठेवले तर त्या वेळेत संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही.

मोठ्या प्रवासाआधी टॅलीचा किंवा जे काही वापरता त्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. विंडोज ११ वर बिटलॉकर या सोयीने डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते. तिची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती बघून कागदावर उतरवून ठेवा. प्रवास झाल्यावर काही बिघडलं तर दहा दिवसांत रिकव्हरीमधल्या गो बॅक पर्यायाने मागे जाता येतं. म्हणून त्या दहा दिवसांत डिस्क साफ करणारी कुठलीही युटिलिटी चालवू नका, जुन्या विंडोजची प्रत ती पुसून टाकते.

विंडोज १० वाल्यांनी आता काय करावं

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा आकडा १९०४५.६४५६ च्या आसपास थांबला असेल तर तुम्हाला शेवटचं मोफत अपडेट मिळालंय आणि त्यानंतरचं काही नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने ईएसयू ही वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे. त्यासाठी व्हर्जन २२एच२ च हवं आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवला तर पैसे लागत नाहीत. नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० गुण किंवा ३० डॉलर इतकी रक्कम. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची ओळ दिसते. कंपन्या आणि संस्थांसाठी योजना वेगळी आहे आणि तिला पैसे पडतात.

इथे गटाची माहिती पुन्हा कामी येते. २१एच१ वर अडकलेल्या संगणकाला फॉरमॅट मारायची गरज नाही: मासिक अपडेट, मग स्विच, मग ईएसयू. १९०९ वाल्याला मात्र अख्खा प्रवास करावा लागेल. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, संगणक सुरू होताना तपासणी करणारी सिक्युअर बूट ही सोय, ४ जीबी रॅम आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे छोटं सॉफ्टवेअर दोन मिनिटांत सांगतं. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण दुसऱ्याच्या धंद्याच्या संगणकावर मी त्या करत नाही, कारण पुढच्या अपडेटची खात्री देता येत नाही.

शाळेतल्या फार जुन्या संगणकांना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चांगली चालते. तिथेही हीच गोष्ट आहे: मिंट २२, २२.१, २२.२ ही सगळी व्हर्जनं उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ व्हर्जनच्या पायावर उभी आहेत आणि गाभ्याच्या दुरुस्त्या तिथूनच घेतात. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. मोबाइलवर अँड्रॉइडचा आकडा बघून खूश होऊ नका, अबाउट फोनमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा; ती वर्षभर जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार नकोत.

आकडा हलतच नसेल तर

आधी सी ड्राइव्हवरची जागा बघा. १२८ जीबीच्या एसएसडीवर सीसीटीव्हीचं चित्रण आणि लग्नाचे व्हिडिओ भरलेले असतात. मासिक अपडेटला मी किमान १० जीबी मोकळी ठेवतो, मोठ्या प्रवासाला ३० च्या पुढे. मग संगणकाची तारीख-वेळ. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते आणि अपडेटचा सर्व्हर जोडणी नाकारतो. खाऱ्या, दमट हवेत त्या सेलच्या पट्टीवर हिरवट थर चढतो, तो पुसून सेल बदला. यानंतर सेटिंग्जमधला विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर, म्हणजे बिघाड शोधणारं साधन, चालवा. तरी नाही जमलं तर कॅटलॉगवरून फाइल आणून हाताने बसवा आणि येणारा त्रुटी क्रमांक लिहून घ्या. शेवटचा उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून त्याच व्हर्जनची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण विंडोजची सेटअप फाइल, उतरवून ती चालू विंडोजमधूनच उघडा, सेटअप सुरू करा आणि फाइली व अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय निवडा. सिस्टिमच्या फाइली नव्याने बसतात, बिलिंग आणि प्रिंटर जागच्या जागी राहतात. ते झाल्यावर विनव्हर पुन्हा उघडा, आधीचा आणि आताचा आकडा तारखेसह वहीत लिहा, आणि पुढच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी संध्याकाळी तो वाढला का ते बघा.